काही न विचारणारी पेटी

"टीव्हीच्या पेटीला कळलं. मग मला का न्हाई कळलं?"

सुकुमारनं हे बस्तीच्या ओवरीत बसलेल्या महाराजांना विचारलं, तेव्हा चपला अजून त्याच्या पायातच होत्या. बस्ती म्हणजे जिनमंदिर, आणि तिथं चपला. मागून कुणीतरी खाकरलं. त्यानं त्या तिथूनच पायानं बाहेर उडवल्या. एक पायरीवर अडकली, दुसरी करवंट्यांच्या ढिगात गेली.



हा प्रश्न त्यानं आजवर पुष्कळांना विचारला होता. आईला विचारला, तर ती चुलीकडं वळली. अण्णांना विचारला, तर ते म्हशीला वैरण घालायला उठले, नुकतीच घातलेली असताना. मिरजेच्या डॉक्टरांना प्रश्नच समजला नाही. बस्तीच्या उपाध्यांना विचारला, तर ते म्हणाले, कर्म. ते उत्तर होतं की नुसता सुस्कारा, हे सुकुमारला अजून उमगलेलं नव्हतं.

राहिले होते महाराज.

महाराज म्हणजे दिगंबर मुनी. वय झालेलं, अंगावर वस्त्र नाही, जवळ मोरपिसांची पिंछी आणि लाकडी कमंडलू, एवढाच संसार. पायी पायी गावोगाव फिरायचे, गावात थोडे दिवस टेकायचे, पुढं जायचे. बोलणं इतकं कमी की गावातली पोरं म्हणायची, महाराजांचा आवाज ऐकू आला त्या दिवशी शाळेला सुट्टी द्यावी.

त्यांनी पिंछीनं समोरची फरशी हळू झाडली. एखादी मुंगी असली तर बाजूला व्हावी म्हणून. मग त्या जागेकडं बोट केलं.

सुकुमार बसला. नाव सुकुमार, पण हात यंत्रमागाच्या तेलानं काळे पडलेले. शाळा आठवीतच सुटलेली. आणि राग असा, की आधी हात उठायचा आणि मग डोकं विचारायचं, काय झालं.

त्याच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यानं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

"सांग," महाराज म्हणाले.

त्यानं सांगितलं. उलटसुलट, मधलंच आधी, आधीचं मागून. पण ते असं होतं.

राजमती त्याची थोरली बहीण. घरात सगळे तिला अक्का म्हणायचे, तिच्याहून मोठी असलेली आईसुद्धा. गावच्या बालवाडीत शिकवायची. सोप्यातल्या टीव्हीला इंटरनेटची ती छोटी पेटी तिनंच आणून जोडली होती. रिमोटचं बटण दाबून बोललं की पेटी ऐकायची आणि हवं ते लावायची. अण्णा तिला प्रवचन मागायचे, आई लोणच्याची कृती मागायची, सुकुमार कुस्त्या मागायचा. अक्का काय मागायची ते कुणी कधी पाहिलं नव्हतं. ती बालवाडीतून दुपारी लवकर परतायची, तेव्हा घरात कुणी नसायचं.

दिवाळीच्या सुमाराला पेटी चळल्यासारखी वागू लागली. कुस्तीच्या मध्येच मोठमोठ्या दवाखान्यांच्या जाहिराती. रक्ताच्या आजारात काय खावं, काय टाळावं. केस गेलेल्या बायकांसाठी टोप. सुकुमार म्हणाला होता, डब्याला येड लागलंय, आमच्या घरात कोण आजारी हाय?

त्यावर अक्का हसली होती. त्याच्यापेक्षा मोठ्यानं.

फाल्गुनात ती गेली. बालवाडीच्या ट्रेनिंगला म्हणून ती मिरजेला जायची ते ट्रेनिंग नव्हतं, हे घरच्यांना कळलं तेव्हा डॉक्टरांकडंही करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढं टीव्हीच्या दुकानातल्या मुबारकभाईनं त्याला सांगितलं, की त्या जाहिराती वेड्या नव्हत्या. कुणीतरी पेटीला ते विचारलं होतं, म्हणून त्या येत होत्या.

म्हणजे अक्कानं पेटीला सांगितलं. सख्खा भाऊ त्याच सोप्यात, त्याच सतरंजीवर लोळत होता. त्याला नाही.

सुतक फिटलं, भेटायला येणारी माणसं पांगली, आणि एका संध्याकाळी अण्णांनी टीव्ही लावला. पडद्यावर अक्षरं आली. राजमती, खास तुमच्यासाठी निवडलेलं. खाली तेच दवाखाने, तेच टोप. आई उठली, पडद्याजवळ गेली आणि त्या नावावर तळहात ठेवून उभी राहिली.

सुकुमारनं पेटी वायरीसकट उपटली.

तेव्हापासून टीव्ही मुका होता. त्यांच्यात जेवणं दिवस मावळायच्या आत उरकतात. त्यानंतरची वेळ लांबच लांब. आई आणि अण्णा त्या काळ्या काचेकडं तोंड करून बसायची, समोर काही चालू असल्यासारखी. एकमेकांशी बोलायची नाहीत. सुकुमार मागावरून आला, की उंबऱ्यातूनच त्याला त्या दोघांच्या पाठी दिसायच्या. दुसरं कुणी घरात असतं तर चाललं असतं. आता तो एकटाच होता, आणि त्याला त्या पाठी बघवत नव्हत्या.

"दुसरी पेटी आणायचीय," तो म्हणाला. "त्यांच्यासाठी. पण तसली नको."

मुबारकभाईनं त्याला दोन तऱ्हा समजावून दिल्या होत्या. एक अक्काच्या पेटीसारखीच, नव्या चालीची. झटकन जोडली जाते, सगळं आयतं दाखवते, आणि स्वस्त मिळते, कारण तिची कमाई वेगळीच. मुबारकभाई म्हणाला होता, ती तुला टीव्ही दाखवते आणि टीव्हीवाल्यांना तुला दाखवते. दुसरी तळहाताएवढी, साधी. तिला कान नाहीत, खातं उघडावं लागत नाही, इंटरनेट नसलं तरी चालते. पण तिच्यात आयतं काही नसतं. गाणी, प्रवचनं, सिनेमे, जे बघायचं ते आपणच आणून भरायचं. कष्टाची आहे.

"पहिली काय मागते?" महाराजांनी विचारलं.

"नाव. जन्मतारीख. फोन नंबर. आणि आपण काय बघतो, काय बोलतो, समदं ठेवून घेते."

"दुसरी?"

"काही मागत न्हाई. काही ठेवत न्हाई."

"मग अडलं कुठं?"

सुकुमारनं टॉवेल सोडला. आत ती जुनी पेटी होती, काळी, गुळगुळीत, वायर अजून लोंबणारी.

"हिच्यात अक्काचा आवाज हाय," तो म्हणाला.

तेही मुबारकभाईनंच सांगितलं होतं. रिमोटवर बोललेलं ही पेटी कुठंतरी लांब साठवून ठेवते, तारीखवार. अक्काचा फोन सुकुमारजवळच होता आणि तो उघडायचा कसा ते त्याला ठाऊक होतं. पेटी पुन्हा जोडायची, तिच्या खात्यात शिरायचं, की तिनं काय काय विचारलं ते सगळं तिच्याच आवाजात ऐकता येईल. वस्तू घरातली होती. अडवणारं कुणी नव्हतं.

"ऐकू का?"

महाराजांनी त्याच्याकडं पाहिलं, पेटीकडं पाहिलं...

आणि डोळे मिटले. दुपारच्या सामायिकाची वेळ झाली होती. आता ते ध्यानातून उठेपर्यंत बोलणार नव्हते. मागच्या माणसानं सुकुमारला ऊठ अशी खूण केली. तो उठला. करवंट्यांतली चपल शोधताना त्याच्या मनात आलं, याही दारात उत्तर नाही.

घरी आल्यावर आईनं त्याच्याकडं एकच गोष्ट मागितली. उद्या आपणही दारात उभं राहूया. अक्काच्या नावानं महाराजांच्या ओंजळीत एक घास पडू दे.

मुनी दिवसातून एकदाच जेवतात, तेही उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत. आणि बस्तीतून निघताना मनात एक विधी धरतात. दारात नवरा-बायको जोडीनं उभी असली तर, हातात नारळ असला तर, तांबडं लुगडं दिसलं तर... काहीही असेल. तो कुणाला सांगायचा नाही. ज्या दारात जुळेल तिथं थांबायचं. कुठंच जुळला नाही तर उपाशी परतायचं, आणि परतल्यावरही सांगायचं नाही. म्हणून गावातली माणसं सकाळी आंघोळी करून, सोवळ्यानं स्वयंपाक करून, हातात काहीतरी घेऊन आपापल्या दारात उभी राहतात आणि हाका घालतात. जुळलं तर भाग्य.

सुकुमारला भाग्यावर सोडणं जमण्यातलं नव्हतं.

तो संध्याकाळीच गल्लीत फिरला. महाराज गावात आल्यापासून कुणाकुणाच्या दारात थांबले, आणि त्या दारात काय होतं, ते विचारत सुटला. धनपालच्या दारात ऊस होता. शांतिनाथच्या दारात जोडनारळ. पाटलांच्या सुनेच्या हातात पाण्याचा कलश आणि वर आंब्याचा डहाळा. एका घरी दोघी जावा उभ्या होत्या, एका घरी आजोबा आणि नातू. सुकुमारनं मनातल्या मनात सगळ्याची गोळाबेरीज केली. माणसाला काय आवडतं ते आधी कशापुढं थांबला त्यावरून कळतंच की. आणि नेमकं कळलं नाही, तर सगळंच मांडायचं. एक तरी लागेल.

सकाळी त्यांच्या दारात ऊस उभे होते, केळीचे खुंट उभे होते, नारळांची रास होती, तीन प्रकारचे कलश होते, आंबे होते, डाळिंबं होती. अण्णांच्या डोक्याला फेटा. आईला त्यानं तांबडं लुगडं नेसायला लावलं आणि ऊस नीट दिसावेत म्हणून एका बाजूला सरकवलं.

शेजारची पद्माकाकू ठार बहिरी. त्यामुळं तिचं पुटपुटणंसुद्धा अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. ती म्हणाली, "सुक्या, महाराजांना जेवू घालतोयस का बाजार भरवलायस?"

गल्ली हसली. सुकुमार नाही हसला.

महाराज आले. उजव्या हाताची बोटं खांद्याला टेकलेली, नजर पुढच्या चार हात जमिनीवर. दोन्ही बाजूंनी हाका सुरू झाल्या. नमोस्तु महाराज, नमोस्तु, नमोस्तु, तिष्ठ तिष्ठ. त्यांच्या दारासमोर ते क्षणभर थांबले. अण्णांचा आवाज फुटेना. आईनं केळीच्या खुंटामागून मान वाकडी करून पाहिलं.

महाराजांची नजर त्या सगळ्या मांडामांडीवरून फिरली...

आणि ते पुढं निघाले.

गल्ली संपली, दुसरी गल्ली संपली. कुठंच थांबले नाहीत. बस्तीच्या दारात पोचल्यावर खांद्यावरचा हात खाली आला. त्या दिवशी उपवास. महाराज जेवल्याशिवाय न जेवणारी म्हातारी माणसं गावात बरीच होती. तीही उपाशी राहिली. अण्णाही राहिले. आई दारातलं एकेक उचलून आत नेऊ लागली.

सुकुमार ओट्यावर डोकं धरून बसला. पद्माकाकूला त्याची दया आली. ती येऊन शेजारी टेकली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत तिच्या त्या चढ्या आवाजात म्हणाली, की मनाला लावून घेऊ नकोस, महाराजांची तुमच्या घरावर माया आहे. मागल्या खेपेला, मार्गशीर्षात, ते इथं आले होते, तेव्हा तुझी अक्का दुपारभर त्यांच्यापुढं बसून बोलत होती. बाईमाणसानं मुनींपाशी एकटं बसायचं नसतं, म्हणून मला सोबतीला घेऊन गेली होती.

सुकुमारनं मान वर केली. हातानं खुणा करून, ओठ फाकवून विचारलं, काय बोलत होती?

"मला काय ठावं बाबा," काकू म्हणाली. "मला नुसते ओठ हलताना दिसत होते."

गावात सोबतीला बायका काही कमी नव्हत्या. कान असलेल्या.

सुकुमार उठला. आत जाऊन टॉवेलातली पेटी घेतली आणि बस्तीकडं निघाला. चालत निघाला होता, कोपऱ्यावर पळायला लागला.

महाराज ओवरीत, लाकडी फळीवर बसले होते. पोटात कालपासून काही नव्हतं, पण चेहऱ्यावर त्याची खूण नव्हती. आसपास चार माणसं होती. पंचांपैकी आदगोंडा पाटील खांबाला टेकून बसले होते.

"काय विधी हुता आज?" सुकुमारनं उभ्याउभ्याच विचारलं. "एवढं समदं ठेवलं हुतं. कशात चुकलं तेवढं सांगा, उद्या तसं उभं ऱ्हातो."

महाराज म्हणाले, "तुझ्या दारात पुष्कळ होतं... आई कुठं उभी होती?"

तिला आपणच केळीच्या खुंटामागं सरकवलं होतं, हे सुकुमारला आठवलं. पण तो त्यासाठी आला नव्हता.

"अक्का तुमच्याशी बोलली हुती," तो म्हणाला. "मार्गशीर्षात."

महाराजांनी नजर वर केली.

"म्हंजे तुम्हालाबी ठावं हुतं."

ना हो, ना नाही. महाराज नुसते बघत राहिले.

सुकुमारचा आवाज चिरकला. "ही पेटी बरी मग. हिनं निदान जाहिराती तरी दाखवल्या. तुम्ही तेवढंबी न्हाई केलं."

ओवरीत कुणी हललं नाही. आदगोंडा पाटील तेवढे उठले. दंडाला धरून पोराला बाहेर काढायचं, एवढं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. महाराजांनी तळहात वर केला. पाटील होते तिथंच थांबले.

"पेटीनं सांगून टाकलं म्हणून तू तिच्यावर रागावलास," महाराज म्हणाले.

"व्हय."

"मी सांगितलं नाही म्हणून माझ्यावर."

सुकुमारनं टॉवेलातली पेटी घट्ट धरली.

"मग तुला कोणती पेटी हवी?"

...

सुकुमार खाली बसला. टॉवेल उलगडून त्यानं पेटी महाराजांच्या पुढ्यात ठेवली. देऊन टाकावी तशी नाही. न्याय मागायला आलेला माणूस पुरावा ठेवतो तशी.

महाराजांनी तिला हात लावला नाही. त्यांनी पिंछी उचलली आणि हलकेच पेटीवरून फिरवली. फरशी झाडताना फिरवली होती तशी नाही. नमस्काराला वाकलेल्या माणसाच्या डोक्यावरून फिरवतात, तशी.

सुकुमारनं पाहिलं. तिच्यावरून कुणीतरी असा हात फिरवलेला त्यानं खूप दिवसांत पाहिला नव्हता. तिच्यावरून म्हणजे पेटीवरून की अक्कावरून, हे त्याला त्या घडीला वेगळं करता आलं नाही.

त्यानं पेटी पुन्हा गुंडाळली आणि तो घरी गेला. आदगोंडा पाटलांनी त्याला वाट दिली.

संध्याकाळी तो मुबारकभाईच्या दुकानातून परतला तेव्हा त्याच्या खिशात ती दुसरी, तळहाताएवढी पेटी होती. मुबारकभाई त्याला पुन्हा पुन्हा बजावत होता, नंतर येऊन भांडू नकोस, हिच्यात आयतं काही नाही, चालू केलीस की नुसता काळा पडदा दिसेल. सुकुमार म्हणाला होता, दिसू दे.

पण आधी जुनी जोडायची होती. पुसायची तर ती चालू असावी लागते, जोडल्याशिवाय पुसता येत नाही.

त्यानं आई-अण्णांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. यात अक्काचं बोलणं आहे. मी ऐकलेलं नाही. तुम्हाला ऐकायचं असलं तर सांगा, आत्ताच. एकदा पुसलं की पुन्हा मिळणार नाही.

अण्णा उठून म्हशीकडं गेले. वैरण घालायला नाही. नुसतेच तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, ते सोप्यातून दिसत होतं.

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. मग म्हणाली, "आपल्याला सांगायचं असतं तर आपल्याकडं तोंड करून बोलली असती."

सुकुमारनं पेटी चालू केली. पडद्यावर अक्काचं नाव आलं. या खेपेला आई जागची हलली नाही. त्यानं मुबारकभाईनं शिकवल्याप्रमाणं एकेक पान उघडलं. शेवटी एक यादी आली. प्रत्येक ओळीपुढं तारीख, आणि तारखेपुढं एक छोटा त्रिकोण. तो दाबला की आवाज. मार्गशीर्षातल्या तारखा होत्या. दिवाळीच्या होत्या. वर वर गेलं तर दसऱ्याच्याही होत्या.

दसऱ्याला तर आपण तिच्याशी भांडलो होतो. रिमोटवरून.

रिमोटवरचा त्याचा अंगठा त्या त्रिकोणाशी थांबला. हे फक्त त्याला माहीत. आईला पाठमोरा तो तेवढा दिसत होता, अंगठा दिसत नव्हता. दाबला असता तर एक वाक्य ऐकू आलं असतं. एकच. कदाचित नुसतं, अगं, सुकू येईल आता, असं काहीतरी. तेवढ्यावरही त्याचं भागलं असतं. तिचा आवाज कसा होता ते आत्तापासूनच सकाळी उठल्यावर निसटायला लागलं होतं.

त्यानं अंगठा उचलला. यादीच्या तळाशी गेला. सगळं पुसा, तिथं दाबलं.

पेटीनं विचारलं, हे परत मिळणार नाही, नक्की पुसायचं? त्या पेटीनं आजवर त्या घरात कुणालाही काही इतक्या अदबीनं विचारलं नव्हतं. सुकुमारला हसू आलं, आणि हसता हसता त्यानं होकार दिला.

मग नवी जोडली. मुबारकभाई म्हणाला होता तसंच झालं. काळा पडदा, एका कोपऱ्यात छोटीशी खूण. नाव विचारलं नाही, फोन विचारला नाही, कुणासाठी काही निवडलं नाही. आई म्हणाली, ही काहीच बोलत नाही की रे.

मुबारकभाईकडून त्यानं थोडं भरून आणलं होतं. अण्णांची प्रवचनं. बस्तीतल्या पंचकल्याणिक पूजेचा व्हिडिओ, ज्यात अक्का डोक्यावर कलश घेऊन मिरवणुकीत चालते आणि मध्येच कॅमेऱ्याला जीभ दाखवते. आईला तोच हवा असणार, असं त्यानं धरूनच चाललं होतं. बोट तिकडं गेलंही होतं.

मग तो थांबला. वळून आईकडं तोंड करून बसला आणि विचारलं, काय लावू?

आईला हे कधी कुणी विचारलं नसावं. ती गडबडली. इकडंतिकडं पाहिलं. म्हणाली, कलशाचा राहू दे, आज नको. मग म्हणाली, कुस्ती असली तर लाव. बरेच दिवस घरात आरडाओरडा झाला नाही.

कुस्ती भरलेली नव्हती. सुकुमार अनवाणीच मुबारकभाईचं दुकान बंद व्हायच्या आत पळाला आणि कुस्त्या भरून आणल्या. गोठ्यातून अण्णा परत आले, तर मायलेक कुस्ती बघत होती आणि आई विचारत होती, यातला आपला कोण? अण्णांना कुस्ती कधीच आवडली नव्हती. तेही बसले.

दुसऱ्या दिवशी महाराज धनपालच्या दारात थांबले. धनपालनं आईला आणि अण्णांना हाक मारून आत घेतलं आणि महाराजांच्या ओंजळीत दोघांच्या हातानं एकेक घास पडला. सुकुमारच्या दारात त्या खेपेला महाराज थांबलेच नाहीत. का, ते त्यानं विचारलं नाही.

महाराज गावातून निघाले त्या सकाळी ऊन अजून तापायचं होतं. माणसं वेशीपर्यंत आली, नमोस्तु करून मागं फिरली. सुकुमार कमंडलू घेऊन पुढंपर्यंत गेला. दोन्ही बाजूंना ऊस होता. महाराजांचा वेग म्हाताऱ्याचा नव्हता.

चालता चालता त्यानं सगळं सांगितलं. पुसलं ते. नवी आणली ते. आईनं कुस्ती मागितली ते. महाराज ऐकत होते की नुसतेच चालत होते, कळत नव्हतं. कुस्तीचं ऐकून मात्र त्यांच्या ओठाची एक कड हलली.

पाटाच्या पुलापाशी सुकुमार बोलायचा थांबला.

मग म्हणाला, "महाराज, एक. ती काय बोलली ते विचारत न्हाई. आता कधी विचारायचोबी न्हाई. फकस्त एवढंच... भ्याली हुती का?"

महाराज उभे राहिले.

त्यांनी त्याच्या हातातून कमंडलू घेतला. पुलाखालून पाटाचं पाणी उसाकडं चाललं होतं.

"पेटी पुसलीस?"

"पुसली."

"न ऐकता?"

"न ऐकता."

"मग आता मलाही पुसून टाक."